सील शाबूत, शर्ट दुसरा

१

मंगळवारी सकाळी सात वाजता मी कपाट उघडलं, तर आत नुसता हँगर.

कपाट काचेचं, ऑफिसच्या बाहेर भिंतीला लावलेलं. त्यात एकच शर्ट असतो. ह्या खेपेला फिकट निळा होता, बारीक रेघांचा, लांब बाह्यांचा. तसलेच आठ हजार शर्ट मागच्या खोलीत खोक्यांत भरून तयार होते, पण त्या आठ हजारांना ह्या एकाशिवाय किंमत नव्हती. हा सॅम्पल. परदेशातल्या गिऱ्हाइकाने पसंत करून, कॉलरपट्टीच्या काजातून लाल प्लास्टिकची कडी ओवून सील केलेला. कडीवर नंबर. एकदा आवळली की कापल्याशिवाय निघत नाही. त्यांचा तपासनीस येतो तो आमच्या तोंडाकडे बघत नाही. सॅम्पलशेजारी खोक्यातला शर्ट ठेवतो, मापं घेतो, आणि पास की नापास ते लिहितो. सॅम्पल नाही तर तपासणी नाही, आणि तपासणी नाही तर माल बोटीवर चढत नाही.

तपासनीस बुधवारी दहाला यायचा होता. बोट शुक्रवारी.

लोकांना वाटतं आम्ही शर्ट विकतो. आम्ही मिनिटं विकतो. एक शर्ट शिवायला बावीस मिनिटं लागतात, आणि गिऱ्हाईक नकाशावर बोट फिरवत बसलेलं असतं, की मिनिट कुठे स्वस्त मिळतं. बोट पुढे सरकलं की मागे कारखाना बंद. आमच्याच रस्त्यावर पाच वर्षांत चार बंद पडले. एकात आता जुने टायर ठेवतात. हा माल हुकला तर पुढच्या हंगामाची ऑर्डर समुद्रापलीकडे जाईल असं पत्रच आलं होतं. सुनेने मला वाचून दाखवलं होतं. आमच्या बासष्ट मशीन, बासष्ट बायका. एक मशीन होती तेव्हापासूनचा हा कारखाना माझा आहे. आमचे हे गेले त्या वर्षी घेतली होती ती.

मी वरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. मुलगा-सून दोन रस्ते सोडून. रोज सातला, खाली कुणी यायच्या आत, मी जिना उतरते, कपाट उघडते आणि सॅम्पल बघते. सॅम्पल अजून मीच शिवते, माझ्या मशीनवर. बाकी शिलाईच्या लाइनवर जायला मला बंदी आहे. मुलाने वर्षापूर्वी सांगितलं, "आई, तू गेलीस की बायका घाबरतात, हात चुकतात." मग नाही जात. शर्ट बघते, कपाट लावते, वर जाते. हे कुणाला माहीत नाही. माहीत करून घ्यावं असं कुणाला वाटलंही नाही.

कुलूप फुटलेलं नव्हतं. एक किल्ली माझ्या कमरेला, दुसरी ऑफिसच्या खणात, आणि तो खण कधी कुणी लावत नाही. म्हणजे बाहेरचा चोर नाही. घरातलाच.

मी खुर्ची ओढली आणि दारात बसले. येतील तसं एकेकाला धरायचं ठरवलं.

२

पहिले आले मास्तर. कापड कापणारे आमचे मास्तर, तीस वर्षं माझ्याबरोबर आहेत.

"मास्तर, कपाटात काय दिसतं?"

त्यांनी काचेला नाक लावलं. "काय दिसायचंय, शर्ट."

"शर्ट नाहीये."

"मग तसं सांगा ना वहिनी! सकाळी सकाळी डोळ्यांची परीक्षा कशाला घेता?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कात्री त्यांच्या हाताला पाठ आहे म्हणून कापड अजून सरळ कापलं जातं, पण सुईत दोरा ओवायचा तर पोरींना हाक मारतात.

"नदीपलीकडची नवी कंपनी तुम्हाला दीडपट पगार देते म्हणे. इथली ऑर्डर बुडाली तर जायला बरं."

"देते. मग?"

"मग गेला का नाहीत?"

"तिथे चार वाजता चहाबरोबर शिव्या कोण देणार?" म्हणाले आणि हसत आत गेले. मला हसू आलं नाही. खरं म्हणजे आलं, पण दाखवलं नाही.

मग आली शिट्टी. लाइनची सुपरवायझर. गळ्यात शिट्टी बांधून फिरते म्हणून तिला सगळे तेच म्हणतात.

"मोठ्या बाई, तुम्ही खाली?"

"सॅम्पल गेलाय. तू नेलास?"

"मी? कशाला?"

"मागच्या महिन्यात तुला सगळ्यांदेखत आंधळी म्हणाले होते."

"म्हणाला होतात."

"होतीसच. तिरकी कॉलर पुढे सोडली होतीस."

"म्हणून मी शर्ट चोरीन?" तिने कमरेवर हात ठेवले. "मोठ्या बाई, मला चोरायचंच असतं तर तुमची जीभ चोरली असती. सगळ्या लाइनने वर्गणी दिली असती."

पोरगी तोंडाळ आहे. मला आवडते. तिला ते माहीत नाही.

नऊला मुलगा आणि सून आले. कारखान्यात त्याला सगळे साहेब म्हणतात. गिऱ्हाइकाशी बोलणं त्याच्याकडे, पत्रं-कागद सुनेकडे.

सून आधी माझ्याकडे बघत राहिली, मग मऊ आवाजात म्हणाली, "आई, तुम्हीच कुठे ठेवला नाहीत ना? जरा आठवून बघा."

"मला विसरायला अजून अवकाश आहे. तुला घाई झालीय का?"

"मी सहज विचारलं."

"सहज तर तू हेही म्हणाली होतीस, की मशीन विकून हॉल गोदामाला द्यावा, बसल्या जागी भाडं येईल."

"म्हणाले होते. अजूनही म्हणते. तोंडावर म्हणते, आई. पाठीमागून शर्ट पळवायची मला गरज नाही." गोरीमोरी झाली, पण नजर खाली घातली नाही.

मुलगा मध्ये पडला. "आई, आरडाओरडा नको. बायकांना कळलं तर काम थांबेल. सापडेल तो. संध्याकाळपर्यंत सापडेल."

आणि ऑफिसात जाऊन त्याने आतून कडी लावली. गिऱ्हाइकाचा फोन आहे, कुणी दार वाजवू नका म्हणाला. दुपारी जेवायलाही बाहेर आला नाही. दोनला मी स्वतः चहा घेऊन गेले तेव्हा दार वीतभर उघडलं. कप घ्यायला आलेल्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला पट्टी होती.

"काय झालं?"

"कागदाची धार लागली. आई, फोन चालू आहे." दार बंद.

आतून बोलण्याचा आवाज काही येत नव्हता.

साडेचारला लाइनवर शिट्टी वाजली. एकदा नाही, लागोपाठ चारदा.

३

इस्त्रीच्या टेबलाखाली, बाद कपड्यांच्या ढिगात, शिट्टीला शर्ट सापडला होता. तिने तो झेंड्यासारखा वर धरला होता आणि बायका टाळ्या वाजवत होत्या.

लाल कडी जागच्या जागी. मी ती बोटांनी फिरवून बघितली. कुठे चीर नाही, डाग नाही, वितळवून जोडल्याची खूण नाही. सुनेने वही आणून नंबर ताडून बघितला. तोच.

"म्हटलं होतं ना?" मुलगा म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले. "कुणीतरी इस्त्रीला काढला असेल, राहून गेला."

"सील केलेला शर्ट इस्त्रीला?"

"आई, सापडला ना? आता पुरे."

सगळे आपापल्या कामाला गेले. मास्तर जाता जाता म्हणाले, "वहिनी, आता कमरेलाच बांधा तो." मी शर्ट हातावर टाकला आणि वर आले. कपाटावर माझा विश्वास उरला नव्हता.

माझ्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. पाच वाजता तिच्यातून असं ऊन येतं की कापडाचा धागा न् धागा मोजून घ्यावा. मी शर्ट मांडीवर घेतला. सांगायचं तर बघण्यासाठी नाही, नुसता जवळ असावा म्हणून. आणि अंगठा पुढच्या पट्टीवरून फिरवला.

अंगठा थांबला.

मला अक्षर जेमतेम लागतं. तीन इयत्ता, त्यातली एक आजारपणात गेली. पण टाका मला वाचता येतो. मी इंचाला बारा टाके घालते, त्याहून कमी माझ्या मशीनने कधी घातले नाहीत. मी टेप काढली, टाचणी घेतली आणि मोजले. दहा. दुसरीकडे मोजले. दहा. बाहीवर, खांद्यावर, सगळीकडे दहा.

कडी तीच, नंबर तोच, सील शाबूत. आणि शर्ट माझा नव्हता.

४

मी खाली गेले. मागच्या खोलीत एक खोकं फोडलं, एक शर्ट काढला. दहा. दुसऱ्या खोक्यातला काढला. दहा. आठ हजार शर्ट, सगळे दहाच्या टाक्याने शिवलेले.

म्हणजे गोष्ट सरळ होती. कुणीतरी टाका सैल केला होता. टाका लांब पडला की मशीन पुढे पळते, शर्टामागे दोन मिनिटं वाचतात. पण तपासनिसाने माझा बाराचा सॅम्पल शेजारी ठेवला असता तर चोरी उघडी पडली असती. म्हणून माझा शर्ट गेला आणि खोक्यातलाच एक त्याच्या जागी आला.

मी शिट्टीला बोलावलं. "टाका दहावर कुणी आणला?"

ती बावरली. "तुम्हीच की."

"मी?"

"दीड महिना झाला. माझ्या टेबलावर छापील चिठ्ठी आली, ऑफिसचा शिक्का मारलेली. लिहिलं होतं, मोठ्या बाईंच्या सांगण्यावरून टाका दहा करावा."

"आणि मला विचारावंसं वाटलं नाही?"

"विचारायला वर कोण येणार, मोठ्या बाई?" ती हळू म्हणाली. "शिव्या खायला?"

दीड महिना माझ्या पायाखालच्या जमिनीवर बासष्ट बायका दहाने शिवत होत्या. मशीनचा आवाज मला वर ऐकू यायचा. मी समजत होते की सगळं माझ्यासारखं चाललंय.

शिक्काही ऑफिसच्या त्याच खणात असतो. त्यामुळे चिठ्ठी कुणीही काढली असेल, मुलाने, सुनेने, मास्तरांनी. मी परत खिडकीशी बसले. आता एकच विचार करायचा होता. कडी न तोडता शर्ट बदलला कसा?

कडी काजात असते. कडी कापता येत नाही, मग काज कापायचं. मी कॉलरपट्टी उन्हात धरली आणि दिसलं. बाकी सगळी काजं मशीनची होती, हे एक हाताचं. आणि काजाच्या टोकापासून पट्टीच्या कडेपर्यंत नखाएवढी चीर, बारीक टाक्यांनी मिटवलेली. माझ्या शर्टाची पट्टी काजातून कडेपर्यंत कापून कडी मोकळी केली होती. ह्या शर्टाची पट्टी तशीच कापून कडी आत सरकवली होती, आणि वरून हाताने काज घालून सगळं झाकलं होतं. मापं घेणाऱ्या माणसाला जन्मात दिसलं नसतं.

हाताचं काज ही आता मेलेली विद्या आहे. शिट्टी आणि तिच्या लाइनवरच्या पोरी मशीनवरच जन्मल्या. सुई दिली तर टोचून घेतील. सून पडद्याची दुमडसुद्धा बाहेरून घालून आणते. मास्तरांना येतं, पण त्यांना सुईचं नेढं दिसत नाही, तिथे हे केसाएवढे टाके कुठले?

आणि मग मी काजाच्या गाठी बघितल्या.

उजव्या हाताचा माणूस काज एका बाजूने घालत जातो, गाठी एका अंगाला वळतात. ह्या गाठी उलट्या अंगाला वळल्या होत्या. डाव्या हाताच्या.

जिन्यावर पावलं वाजली. सून शर्ट ऑफिसच्या तिजोरीत ठेवायला न्यायला आली होती. मी तिला काज दाखवलं, चीर दाखवली, टाके मोजून दाखवले. हुशार आहे. तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

"डाव्या हाताचं?" ती म्हणाली. "आई, आपल्याकडे डावरं कोण आहे?"

मी डाव्या हाताने टेप गुंडाळत होते.

"तुम्हीच आहात फक्त." तिचा आवाज पुन्हा तसाच मऊ झाला, सकाळसारखा. "तुम्हीच तर नाही ना केलंत, आणि आता आठवत नाहीये?"

ती गेली. ऊनही गेलं. मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसले. खोटं कशाला सांगू, एक क्षणभर मलाच माझा संशय आला. एकट्या माणसाला त्याने काय केलं आणि काय नाही हे सांगणारं कुणी नसतं.

मग माझ्या लक्षात आलं की हे काज मी घातलेलं नाही, पण मला ते ओळखीचं आहे.

५

बुधवारी साडेआठला मी चौघांना ऑफिसात बोलावलं. मुलगा, सून, मास्तर, शिट्टी. शर्ट टेबलावर पसरला आणि सगळं सांगितलं. टाके, चिठ्ठी, काज, चीर. मुलगा कागद चाळत होता. सून म्हणाली, "आई, उगाच ताण घेऊ नका. सगळ्या खुणा कुणाकडे जातात ते मी काल बोलले."

"बोललीस. आता माझं एक काम करा."

खोक्यातला एक शर्ट मी आणला होता, बाहीचं बटण उपटलेला. सोबत दोरा ओवलेली सुई.

"मास्तर, बटण लावा."

त्यांनी सुई घेतली, उजव्या हातात, डोळ्यांशी नेली आणि परत ठेवली. "चेष्टा करता का वहिनी? भोकं दिसत नाहीत मला."

"शिट्टे, तू."

"मला मशीन द्या, हजार लावते." तरी तिने सुई उजव्या हातात धरली, भाल्यासारखी.

सुनेने घेतली. तिनेही उजव्या हातात. पहिल्याच टाक्याला दोऱ्याचा गुंता केला.

"आण इकडे," मुलगा वैतागून म्हणाला. "दहाला माणूस येतोय आणि इथे बटणं लावत बसलोय." त्याने शर्ट ओढून घेतला, गुंता सोडवला, बटण बसवलं, चार टाके घातले आणि दोरा दातांनी तोडला. कुणाला कळायच्या आत.

सून त्याच्या हाताकडे बघत होती. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही डावरे कधीपासून?"

सुई त्याच्या डाव्या हातात होती.

तो लिहितो उजव्या हाताने, जेवतो उजव्या हाताने. लग्नाला बारा वर्षं झाली, बायकोने त्याच्या हातात सुई कधी पाहिली नव्हती. मी पाहिली होती. एक मशीन आणि एक खोली होती तेव्हा आम्ही दोघं रोज संध्याकाळी डझनावारी काजं घालायचो. तो माझ्या शेजारी बसायचा, आणि माझा हात जसा चालताना दिसायचा तसाच त्याने चालवला. मी डावरी, म्हणून सुईपुरता तो डावरा. कापड धरायचं उजव्या हातात, म्हणून टोचायचं उजव्या बोटाला.

"कागदाची धार," मी म्हटलं.

त्याने पट्टी लावलेलं बोट मुठीत घेतलं. मग तो माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"त्यांनी बावीस मिनिटांची वीस करा म्हटलं. वीसचेच पैसे देणार. नाहीतर ऑर्डर हलवतो म्हणाले, दुसरीकडे अठरात होतं."

"मग नाही म्हणायचं."

"नाही म्हटलं असतं तर बासष्ट मशीनवर फडकी टाकावी लागली असती, आई. हो म्हटलं. बायकांच्या हातून आणखी वेग निघत नव्हता. मग टाक्यातून काढली दोन मिनिटं."

"मला सांगायचं."

"तू काय म्हणाली असतीस?"

"नालायक म्हणाले असते."

"म्हणून नाही सांगितलं."

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले, जसं काही त्यांना तिथलं दिसणारच होतं.

"सोमवारी संध्याकाळी शर्ट घरी नेला," तो म्हणाला. "वाटलं, एकच काज, तासाभरात होईल. बोटं विसरली होती. दोनदा उसवावं लागलं. सकाळी येऊन पुरं करीन आणि दहाच्या आत टांगीन म्हटलं, कुणाला कळणार नाही. पण आलो तर शोध सुरू झालेला, मग आतून कडी लावून काज पुरं केलं आणि चारनंतर शर्ट इस्त्रीच्या ढिगात सरकवला. तू सातला खाली येतेस हे मला माहीतच नव्हतं."

"विचारलं होतंस कधी?"

त्याने बॅग उघडली आणि माझा शर्ट काढला. नीट घडी घातलेला. कॉलरपट्टी कापलेली होती, बाकी कुठे सुरकुती नाही. जाळून टाकला असता तर मी कशाशी ताडून बघणार होते? पण त्याच्याने टाकवला नव्हता.

सून पुढे झाली. "आई, माझं चुकलं. काल बोलले ते. पण आता नऊ वाजून गेलेत. हा शर्ट कपाटात टांगला तर माल पास होतो, बोट मिळते. कुणाला काही कळत नाही. तुम्ही फक्त गप्प बसायचं."

"मोठ्या बाई," शिट्टी म्हणाली. एरवीची शिट्टी नव्हती ती. "माझ्या दोन पोरी आहेत. बाहेरच्या बासष्ट जणींचंही तसंच आहे."

मी दोन्ही शर्ट उचलले, एक ह्या हातावर, एक त्या हातावर. वजनात काही फरक नव्हता.

६

तपासनीस दहाला दहा मिनिटं असताना आला. तिशीतला, किडकिडीत, डोळ्यांखाली काळं. मी बाकीच्यांना बाहेर ठेवलं आणि दोन्ही शर्ट त्याच्यापुढे मांडले.

"हा खरा. हा खोटा. माल खोट्यासारखा आहे. मोजा."

त्याने भिंग काढलं. मोजलं. मग कडी बघितली, काज बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"बाई, तुम्ही दाखवलं नसतं तर मला कळलं नसतं."

"माहीत आहे. मला कळलं असतं."

"कुणी केलं हे?"

"माझ्या हाताखालच्या माणसाने. म्हणजे मीच."

तो बराच वेळ पेन उघडून बसला. मग त्याने खिशातून छोटी पक्कड काढली, लाल कडी कापली आणि तुकडे आपल्या बॅगेत टाकले. "टाक्यांचं मला लिहावंच लागेल," म्हणाला. "सीलचं मला काही दिसलं नाही." आणि लिहिलं, नापास.

चहा प्यायला थांबला नाही. दारातून मात्र वळला. "ह्या महिन्यात सात कारखाने बघितले. बारा टाके मी आज पहिल्यांदा बघितले."

शुक्रवारी बोट गेली. त्या दिवसापासून मशीन बंद. खालचा आवाज थांबला तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी त्या आवाजाच्या सोबतीने राहत होते. नळ गळतो ते ऐकू यायला लागलं. मुलगा रोज येऊन ऑफिसात बसायचा आणि जायचा. जिना चढायचा नाही. मीही हाक मारली नाही. शिट्टी एकदा वर आली, दारात उभी राहिली. मला वाटलं भांडेल. नुसती म्हणाली, "काही कळलं का?" मी नाही म्हटलं. गेली. मला ओरडून चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी पत्र आलं. तिघं वर आले, मास्तरसुद्धा, कठडा धरून. सुनेने वाचलं. माल दहा टाक्यांवरच घेतो, भाव आणखी कमी करतो, पुढच्या बोटीने पाठवा. कमी म्हणजे आमच्या हाती जेमतेम पगार सुटतील इतका. पुढच्या हंगामाची ऑर्डर तुमच्याकडेच. आणि शेवटची ओळ वाचताना ती अडखळली.

"वाच," मी म्हटलं.

"ह्यापुढे सॅम्पलही दहा टाक्यांचाच पाठवावा. बाराची आवश्यकता नाही. शर्ट एका हंगामापुरताच वापरला जातो."

मुलाने पत्र तिच्या हातातून घेतलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. चोरायची गरजच नव्हती. विचारलं असतं तरी त्यांनी हो म्हटलं असतं आणि भाव कापला असता. बारा टाके साऱ्या जगात फक्त मला हवे होते.

"बायकांना उद्या बोलाव," मी म्हटलं. "शिट्टीला आत्ताच कळव, तिच्या जिवाला घोर आहे."

सून आणि मास्तर खाली गेले. मुलगा राहिला. "आई, नवा सॅम्पल..."

"माझ्या हाताला दहा येत नाही. माझी मशीन घे. तू शिव."

तो बसला. मी पलंगाच्या कडेला. बाही जोडायला त्याने तासभर घेतला. कॉलर तिरकी जायला लागली तेव्हा मी फक्त "सरळ" म्हटलं, पुढचा शब्द गिळला. त्याने उसवून पुन्हा घातली. इतका वेळ तो माझ्या खोलीत किती वर्षांनी बसला होता ते मी मोजत होते आणि मला नीट आठवत नव्हतं.

शर्ट झाला. सॅम्पलला एक कार्ड जोडतात, त्यावर शिवणाऱ्याचं नाव लागतं. आजवर मी माझं नाव लिहीत आले, मोठ्या, वाकड्या अक्षरात, त्यालाच पाच मिनिटं जातात. त्याने कार्ड आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी परत त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने पेन उचललं. मग उजव्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं.

अक्षर छान आहे त्याचं. काजांचं काम सोडायला लावून मीच त्याला शाळेत घातलं होतं, सुई पुन्हा हातात धरायला लागू नये म्हणून.